पाकिटातले खेळाडू : काही टिपणे

१
टी म्हणजे टोबॅको. २०६ हा जेफरसन बर्डिक नावाच्या संग्राहकाने आपल्या सूचीत दिलेला क्रमांक. छापणाऱ्यांनी पाठीवर ‘बेस बॉल सीरिज’ एवढंच म्हटलं होतं. आज सगळे सिगरेटच्या पाकिटातल्या बेसबॉल कार्डांच्या या संचाला टी-२०६ म्हणूनच ओळखतात.

२
१९०९ ते १९११. अमेरिकन टोबॅको कंपनी. ५२४ कार्डं. त्यांतली ३९० मेजर लीगच्या खेळाडूंची, बाकीची मायनर लीगची. मायनरमधली ४८ दक्षिणेकडच्या लीगमधल्या संघांची.

३
दहा सिगरेटी, पाच सेंट, एक कार्ड.
सिगरेट बापाची, कार्ड पोराचं. ज्याचा बाप ओढत नसे तो पोरगा तंबाखूच्या दुकानाबाहेर उभा राही आणि पाकीट फोडणाऱ्याकडे कार्ड मागे. मग ते खिशात जाई, रबरबँडखाली जाई, वहीत चिकटे. बाजारात आज जे मिळतं त्यातलं बरंचसं अशा हातांतून आलेलं आहे. कोपरे झिजलेत ते त्यामुळे.

४
कार्डांच्या आधी यंत्र आलं. जेम्स बॉन्सॅकच्या सिगरेट वळणाऱ्या यंत्राचं पेटंट १८८१ चं. दिवसाला एक लाखाहून जास्त सिगरेटी. रिचमंडच्या ॲलन अँड गिंटर कंपनीने अशा यंत्रासाठी बक्षीस लावलं होतं, पण बॉन्सॅकचं यंत्र त्यांनी घेतलं नाही. ते घेतलं जेम्स ड्यूकने.
सिगरेट स्वस्त झाली, सगळ्यांची सारखी झाली. मग पाकिटात चित्रं आली. ॲलन अँड गिंटरच्या १८८७ च्या ५० विजेत्यांच्या संचात दहा बेसबॉलपटू आहेत.
१८९० मध्ये पाच मोठ्या कंपन्या ड्यूकच्या हाताखाली एक झाल्या, तीच अमेरिकन टोबॅको कंपनी. स्पर्धक उरला नाही. त्या दशकात पाकिटातली चित्रं जवळजवळ बंद पडली.

५
मे १९११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही मक्तेदारी मोडायचा आदेश दिला. टी-२०६ चं शेवटचं वर्षही तेच.

६
पाठीवरची नावं, मोठ्याने वाचण्यासाठी: पीडमाँट. स्वीट कॅपोरल. सॉव्हरिन. ओल्ड मिल. पोलर बेअर. सायकल. ड्रम. लेनॉक्स. उझिट. ब्रॉड लीफ. कॅरोलायना ब्राइट्स. अमेरिकन ब्यूटी. एल प्रिन्सिपे दे गालेस. टॉल्स्टॉय. हिंदू.

७
हिंदू सिगरेटची पाठ दोन रंगांत सापडते, तपकिरी आणि लाल. लाल कमी मिळते. तपकिरी पाठ दक्षिणेकडच्या छोट्या लीगमधल्या खेळाडूंच्या मागेही येते. जॉर्जिया-टेनेसीच्या उन्हात खेळणारा गोरा पोरगा पुढे, ‘हिंदू’ मागे.

८
लिओ टॉल्स्टॉयने १८९० मध्ये दारू आणि तंबाखूच्या विरोधात निबंध लिहिला. नोव्हेंबर १९१० मध्ये तो गेला. त्या वर्षी टॉल्स्टॉय सिगरेटच्या पाकिटात बेसबॉलपटू येत होते.

९
नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिलं वाक्य शिकावं ते हे: कार्ड उलटून बघा. एकाच खेळाडूचं, एकाच चित्राचं कार्ड पीडमाँट पाठीचं असेल तर एक किंमत, ड्रम किंवा उझिट पाठीचं असेल तर तिच्या कितीतरी पट. पुढची बाजू सगळ्यांना दिसते. मागची वाचावी लागते.

१०
पीडमाँटची पाठ निळ्या शाईत. खाली बारीक अक्षरांत: फॅक्टरी नं. २५, सेकंड डिस्ट्रिक्ट, व्हर्जिनिया. हा आकडा करवसुलीसाठी छापलेला. आज संग्राहक त्याच आकड्यांवरून कार्डांचे गट लावतात.

११
पोलर बेअर ही सिगरेट नव्हे, सुटी तंबाखू. कार्ड थेट तंबाखूत पडलेलं असे. त्यामुळे या पाठीच्या कार्डांवर तपकिरी डाग नेहमीचे. ते डाग पाहून नाक मुरडू नये.

१२
होनस वॅग्नर, पिट्सबर्गचा शॉर्टस्टॉप. त्याचं टी-२०६ कार्ड छपाईला लागलं आणि मग थांबलं. आज साठेक प्रती माहीत आहेत. २०२२ मध्ये एक प्रत साडेबाहत्तर लाख डॉलरना गेली.
कार्ड का थांबलं याची बातमी १९१२ मध्ये ‘द स्पोर्टिंग न्यूज’मध्ये आली. कंपनीने पिट्सबर्गच्या जॉन ग्रुबर या पत्रकाराला वॅग्नरची परवानगी मिळवायला सांगितलं होतं, मेहनताना दहा डॉलर. वॅग्नरने कळवलं, आपलं चित्र सिगरेटच्या पाकिटात नको. ग्रुबरचं नुकसान नको म्हणून सोबत दहा डॉलरचा चेकही धाडला.

१३
वॅग्नर स्वतः तंबाखू चघळत असे. १८९७ मध्ये लुईव्हिलच्या एका सिगारवाल्याने त्याचं चित्र सिगारवर लावलं होतं. पोरांनी सिगरेटी घेऊ नयेत म्हणून नकार, की पैशांसाठी? दोन्ही बाजूंनी आजही वाद घालतात. दहा डॉलरच्या चेकबद्दल मात्र वाद नाही.

१४
वॅग्नरच्या कार्डावर शहराचं नाव ‘पिट्सबर्ग’ शेवटच्या एच्‌शिवाय छापलं आहे. १८९१ ते १९११ सरकारी स्पेलिंग तसंच होतं. नंतर शहराने एच् परत मिळवला. कुणी वॅग्नरचं कार्ड पुढे केलं आणि त्यात एच् असेल, तर भिंग काढायचीही गरज नाही.

१५
भिंग मात्र कायम खिशात असावं. दहापट मोठं दाखवणारं पुरतं.
खाली तपकिरी अक्षरांत छापलेलं खेळाडूचं नाव बघायचं. जुन्या कार्डावर अक्षराची रेघ सलग, शाईने भरलेली दिसते. हे दगडी छपाईचं काम, प्रत्येक रंग वेगळा चढवलेला. नव्या नकलेत तीच रेघ फुटते आणि ठिपके दिसू लागतात: निळे, गुलाबी, पिवळे, शिस्तीत मांडलेले. आजच्या यंत्राने चित्राचा फोटो काढून छापलं की अक्षरांचेही ठिपके होतात.
मग कडा. मग पाठ. चेहरा सगळ्यांत शेवटी, कारण नक्कल करणाऱ्याने सगळ्यांत जास्त काळजी चेहऱ्याचीच घेतलेली असते.

१६
दुसरी चाचणी: अंधार करून अतिनील दिवा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या बऱ्याच कागदांत पांढरेपणासाठी रसायनं आहेत, ती निळसर चमकतात. १९०९ चा पुठ्ठा चमकत नाही.

१७
माप: रुंदी ३६.५ मिलिमीटर, उंची ६६.७. कारखान्यात कापतानाच थोडाफार फरक पडे, पण चारी कोपरे धारदार आणि कार्ड अंगाने कमी भरलं, तर कुणीतरी कात्री चालवलेली आहे असं समजावं.

१८
कार्डांना एक ते दहा श्रेणी देऊन प्लॅस्टिकच्या बंद खोक्यात घालणारी पीएसए कंपनी १९९१ मध्ये सुरू झाली. तिने श्रेणी दिलेलं पहिलं कार्ड वॅग्नर. श्रेणी आठ. ते आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की आणि त्याच्या भागीदाराने ४,५१,००० डॉलरना घेतलं. २००७ मध्ये त्याला २८ लाख मिळाले.
२०१३ मध्ये बिल मास्ट्रो या लिलाववाल्याने कबूल केलं की, त्या कार्डाच्या कडा आपण कापल्या होत्या.

१९
टी-२०६ ची आणखी तीन दुर्मिळ कार्डं. एडी प्लँक, फिलाडेल्फियाचा पिचर. शेरी मगी, ज्याच्या नावाचं स्पेलिंग चुकलं आणि लगेच दुरुस्त झालं. जो डॉइल, ज्याला चुकून न्यूयॉर्कच्या दुसऱ्याच लीगच्या संघात टाकलं. चुकीची प्रत हजारो डॉलरची, दुरुस्त केलेली सामान्य माणसाच्या आवाक्यातली.
ही तीन आणि वॅग्नर सोडून ५२० जमले, तर संग्राहक संच पूर्ण झाला असं मानतात. हा नियम ज्यांनी रूढ केला ते शहाणे लोक.

२०
वॅग्नरच्या शेजारी, दुसऱ्या बेसवर, १९०९ मध्ये एक नवखा उभा असे: जॉन मिलर. पत्रकाराने विचारलं हा कोण, वॅग्नरने आपल्या जर्मन उच्चारात ‘दॅट्स मिलर’ असं सांगितलं, आणि तेव्हापासून तो ‘डॉट्स’ मिलर झाला, असं सांगतात. त्याचं वेगळं टोपणनाव कुणी ठेवलं नाही.
दोघांनी मिळून त्या वर्षी वर्ल्ड सीरिज जिंकली. दोघांची कार्डं एकाच संचात. मिलरचं झिजलेलं कार्ड शंभर डॉलरच्या आत मिळू शकतं.

२१
माझ्यापुढे ते मिलरचं कार्ड आहे. पीडमाँट पाठ. चारी कोपरे गोल. एक घडी आडवी, पार्श्वभूमी ओलांडून गेलेली; घडीवर रंग उडून पुठ्ठ्याचा राखाडी रंग दिसतो. पांढरी चौकट आता सायीच्या रंगाची. मागे पेन्सिलने कुणीतरी काहीतरी लिहून पुसलंय, तिरपं धरलं की दाब दिसतो, अक्षर लागत नाही.
श्रेणी मिळाली तर एक. मला ते फार आवडतं.

२२
एडिसन गावी बहिणीकडे. भाच्याने कार्ड हातात घेतलं.
“मामा, एवढं फाटकं का घेतलंस?”
“शंभर वर्षांपूर्वी तुझ्याएवढ्या मुलाने खेळून खेळून झिजवलंय ते. तुझी पोकेमॉनची कार्डं कुठायत?”
“कपाटात. सगळी स्लीव्हमध्ये.”
“खेळतोस त्यांनी?”
“नाही. खराब होतील ना.”

२३
१९०९ ची वर्ल्ड सीरिज: वॅग्नरचं पिट्सबर्ग विरुद्ध टाय कॉबचं डेट्रॉइट. सात सामने. वॅग्नरची सरासरी .३३३, कॉबची .२३१.
टी-२०६ मध्ये कॉबची चार चित्रं आहेत आणि ती सगळी पैसा मोजला की मिळतात. चारांपैकी हिरव्या पार्श्वभूमीचं महाग.

२४
‘टाय कॉब’ नावाचीही तंबाखू होती. तिची पाठ असलेली कार्डं जेमतेम दोन डझन माहीत आहेत, पुढे सगळ्यांवर कॉबचं तेच लाल चित्र. २०१६ मध्ये दक्षिणेतल्या एका कुटुंबाला पणजोबांचं घर आवरताना चुरगळलेली कागदी पिशवी सापडली. त्यात अशी सात होती. पिशवी कचऱ्यात जाता जाता राहिली.

२५
बेसबॉलमुळे कचरणाऱ्या क्रिकेटवाल्यांसाठी: त्याच्या थोडं आधी इंग्लंडमध्ये ऑग्डेन्सच्या गिनी गोल्ड सिगरेटच्या पाकिटात रणजितसिंहजींचं छायाचित्र येत असे. ती कार्डं अजून मिळतात.

२६
टी-२०६ मध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नाही. मोठ्या लीगने त्यांना दार बंद केलं होतं.
ऑक्टोबर १९०९ मध्ये शिकागो कब्ज आणि कृष्णवर्णीयांचा लेलंड जायंट्स हा संघ तीन सामने खेळले. कब्जने तिन्ही जिंकले. लेलंडच्या पिचरांत होता रुब फॉस्टर, ज्याने पुढे १९२० मध्ये निग्रो नॅशनल लीग उभी केली. कब्जची कार्डं पाकिटातून घरोघर गेली. फॉस्टरचं त्यात नाही.
संच ‘पूर्ण’ झाला असं म्हणताना हे आठवावं.

२७
चार्ल्स आल्बर्ट बेंडर, ओजिब्वे जमातीचा, फिलाडेल्फियाचा पिचर. वर्तमानपत्रं आणि प्रेक्षक त्याला ‘चीफ’ म्हणत. सही तो ‘चार्ल्स बेंडर’ अशी करी. कार्डावर फक्त ‘बेंडर’ आहे. या एका बाबतीत सिगरेटवाले वर्तमानपत्रांहून सभ्य निघाले.

२८
नावाजलेला फलंदाज जो जॅक्सन टी-२०६ मध्ये नाही. १९१० मध्ये तो न्यू ऑर्लिन्सला खेळत होता. ओल्ड मिल सिगरेटच्या टी-२१० या लाल चौकटीच्या संचात त्याचं कार्ड आहे. आज ते दुर्मिळातलं दुर्मिळ. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. पाठीवरची जाहिरात त्याला कुणीतरी वाचून दाखवली असेल.

२९
एडी सिकॉट आणि बिल बर्न्स, दोघेही टी-२०६ मध्ये, दोघेही पिचर. १९१९ ची वर्ल्ड सीरिज विकली गेली तेव्हा सिकॉट पैसे घेणाऱ्यांत होता, बर्न्स मध्यस्थांत. कार्डावर दोघं तरुण आहेत.

३०
टिंकर, एव्हर्स, चान्स. शिकागो कब्जचे तीन खेळाडू, एका कवितेमुळे अजरामर झालेले. टिंकर आणि एव्हर्सचं १९०५ मध्ये घोडागाडीवरून भांडण झालं. पुढे वर्षानुवर्षं दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, आणि शेजारी उभं राहून चेंडू मात्र बिनचूक देत होते. अल्बममध्ये ते शेजारी लावतात.

३१
माइक पॉवर्स, फिलाडेल्फियाचा कॅचर, शिकलेला डॉक्टर. १२ एप्रिल १९०९ ला शायब पार्क हे नवं मैदान उघडलं. त्या पहिल्याच सामन्यानंतर त्याच्या पोटात असह्य दुखू लागलं. दोन आठवड्यांत तो गेला. त्याचंही कार्ड या संचात आहे.

३२
ॲडी जॉस, क्लीव्हलँडचा पिचर, १४ एप्रिल १९११ ला क्षयाच्या मेंदूज्वराने गेला. वय ३१. जुलैमध्ये त्याच्या कुटुंबाला मदत म्हणून लीगमधले उत्तमोत्तम खेळाडू क्लीव्हलँडला येऊन एक सामना खेळले. त्या वर्षीच्या सोनेरी चौकटीच्या टी-२०५ संचात जॉस आहे. त्या चौकटीचा सोनेरी रंग बोट लागलं तरी उडतो.

३३
जेफरसन बर्डिक न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजजवळचा. विजेचं सामान बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी, लग्न नाही, हाताच्या सांध्यांना जबर संधिवात. तीन लाखांहून अधिक छापील वस्तू जमवल्या. त्यात बेसबॉलची तीस हजार कार्डं. सगळं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिलं, आणि मग वर्षानुवर्षं तिथे बसून, आखडलेल्या बोटांनी, अल्बममध्ये एकेक कार्ड चिकटवलं.
जानेवारी १९६३ मध्ये शेवटचं चिकटवून झालं. दुसऱ्या दिवशी तो रुग्णालयात गेला. मार्चमध्ये गेला.

३४
चिकटवलेल्या कार्डांना आज बाजारभाव कमी. बर्डिकने वॅग्नरसुद्धा चिकटवला.

३५
जुन्या वहीतून कार्ड सोडवायचं असेल तर संग्राहक ते शुद्ध पाण्यात भिजत ठेवतात. दगडी छपाईची शाई तेलाची, ती पाण्याने जात नाही, खळ सुटते. मग टीपकागदात घालून वजनाखाली सावकाश वाळवायचं. घाईने ओढलं तर पाठीचा कागद वहीतच राहतो, आणि त्याबरोबर ब्रँडचं नावही.

३६
ओहायोतल्या डिफायन्स गावी २०१२ मध्ये माळ्यावरच्या बाहुलीघराखाली एक काजळी धरलेला खोका निघाला. आत सातशेच्या आसपास कार्डं, १९१० च्या सुमाराची, जणू काल छापलेली. तंबाखूची नव्हेत, बहुधा मिठाईबरोबर वाटायची. कुणी वाटली नाहीत म्हणून वाचली.

३७
कशापासून सुरुवात करावी, कार्ड शोमध्ये ऐकलेली उत्तरं:
एक संघ धरा.
एक खेळाडू धरा, सगळ्या पाठी जमवा.
प्रत्येक ब्रँडची एकेक पाठ.
फक्त दक्षिणेकडचे ४८.
तुमच्या गावचा संघ.
मन लागेल ते घ्या, पण सुटं घेताना ओळखीच्या माणसाकडूनच.
शेवटचं सांगणाऱ्याने आपल्या टेबलावरचं कार्ड विकायची अजिबात घाई केली नाही. अर्धा तास पाठ कशी वाचायची ते शिकवलं.

३८
करू नये असं: चिकटपट्टी. रबरबँड. कोपऱ्याला रंग. खोडरबर. उन्हात भिंतीवर चौकट. “आजोबांच्या पेटीत सापडलं” या गोष्टीसाठी जादा पैसे.

३९
मी संघ धरला आहे: १९०९ चं पिट्सबर्ग, वॅग्नरशिवाय.
फ्रेड क्लार्क, कर्णधार आणि व्यवस्थापक; मैदानात वर-खाली करता येणाऱ्या गॉगलचं पेटंट त्याचं. जॉर्ज गिब्सन, कॅचर, कॅनडाचा. बिल ॲबस्टाइन, पहिल्या बेसवर. विश्वविजेत्या संघात खेळला, पण त्या मालिकेत चेंडू सोडले म्हणून लगेच काढला गेला.
आणि ओवेन विल्सन. १९१२ मध्ये त्याने एका मोसमात ३६ ट्रिपल मारले. हा विक्रम शंभर वर्षांहून अधिक काळ कुणी मोडलेला नाही, मोडेल असंही कुणाला वाटत नाही. त्याच्या कार्डाला किंमत साध्या खेळाडूची.

४०
बाजार प्रसिद्धीला पैसे मोजतो. विक्रमाला, मैत्रीला, शेजारी उभं राहण्याला तो फारसं मोजत नाही. नव्या माणसाला प्रवेश मिळतो तो इथूनच. ज्यांच्याविषयी वाचून आदर वाटला त्यांची कार्डं बहुधा परवडणारी निघतात.

४१
पुढचं कार्ड ठरलं आहे: सॅम लीव्हर, पिचर. खेळात येण्याआधी शाळेत शिकवत असे, म्हणून ‘गोशेनचा मास्तर’. विक्रेत्याकडे एक आहे, स्वीट कॅपोरल पाठ, डाव्या वरच्या कोपऱ्याला टाचणीचं भोक. कुणीतरी भिंतीला लावला होता. घेणार.